बाईकवरून पडला असं अजिबात सांगू नका

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भावाच्या पायावरून चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्ट (माल उचलणारी गाडी) गेली आणि ठेकेदार म्हणतोय बाईकवरून पडला असं सांगा, खर्च आम्ही बघतो. अजिबात ऐकू नका. मी त्याच पट्ट्यात बरीच वर्षं माल चढवा-उतरवायच्या डॉकवर सुपरवायझर आहे, हे बाईकचं कारण पुष्कळदा ऐकलंय. प्लास्टर असेपर्यंत पैसे येतात, मग फोन उचलणं बंद.

आधी हॉस्पिटलचा केसपेपर बघा. डॉक्टर विचारतात कसं लागलं, आणि सोबत आलेला ठेकेदाराचा माणूसच पटकन उत्तर देऊन टाकतो, पोरगा बिचारा वेदनेनं कळवळत असतो. तिथे बाईक लिहिलं गेलं की पुढे सगळे तेच धरून बसतात. तसं असेल तर आजच भावाला स्वतः डॉक्टरांना सांगू दे, कामावर फोर्कलिफ्टखाली पाय आला म्हणून.

मग पगाराची स्लिप काढा, ०.७५ टक्के ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलाय का बघा. कामावरच्या अपघाताला नोकरी किती दिवस झाली ही अट नाही, पहिल्याच दिवशी लागलं तरी चालतं. बरा होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, कायमचं अधूपण राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबाने आयुष्यभर पैसे येतात. कामाबाहेरचं दुखणं धरलं तर ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस, वर आधी ठरावीक दिवस ईएसआयचा हप्ता भरलेला असण्याची अट. पुढचे उपचार चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात होतील. अपघाताचा रिपोर्ट मालकाने द्यायचा असतो, पण तो देईल याची वाट बघू नका, तुम्हीच ईएसआयच्या ऑफिसात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आणि "तोच मध्ये आला" असं कशावरही सही करून देऊ नका. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते, ड्रायव्हरची नजर पुढे पॅलेटवर आणि बाजूला उभ्या हेल्परला मागचं चाक लागतं. माणसांना चालायला वेगळी पट्टी आखलेली नसेल, ड्रायव्हरला ट्रेनिंग नसेल, तर दोष त्या पोराचा कसा? सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवा असं कंपनीला आजच ईमेल टाका, ठेकेदाराला नुसतं तोंडी सांगून काही होत नाही.

स्लिपवर ईएसआय नसेल तर इथे लिहा, त्याचा रस्ता वेगळा आहे, तो सांगतो.