अर्ली ॲक्सेसमध्ये गेम विकताना रोडमॅप तारखांसह जाहीर करावा का?

प्रश्नकर्त्याचा गेम दोन महिन्यांनी स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अर्ली ॲक्सेसमध्ये येणार आहे; म्हणजे पुरा होण्याआधीच विक्रीला ठेवला जाणार आहे. पुढील वर्षभराचा रोडमॅप, म्हणजे गेममध्ये पुढे काय काय येणार याचा आराखडा, तारखांसह खेळाडूंना दाखवावा का, आणि किती दिवसांनी काय लिहीत जावे, असे त्यांनी विचारले आहे. पहिल्या भागाला माझे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका गच्चीवरच्या खोलीत परत जावे लागेल.

त्या खोलीत मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक गेम तयार करत होतो. सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने रात्री बंद झाली की त्यांच्याच समोर खाण्याच्या गाड्या लागतात. एक गाडी, एक रात्र आणि वाढत जाणारी रांग एवढ्यावर आमचा गेम उभा होता. गराडू तळताना तेल पुरेसे तापले आहे की नाही हे खेळाडूने आवाजावरून ओळखायचे आणि त्याच वेळी भुट्ट्याचा कीस खाली लागू न देता तिसऱ्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे परत करायचे, अशी त्यातली गंमत होती. प्रोग्रामिंग माझ्याकडे होते. चित्रे काढणे आणि लोकांशी बोलणे त्याच्याकडे. मार्च २०२१ मध्ये आम्ही गेम विक्रीला ठेवला. त्याच्या महिनाभर आधी व्हालहाइम नावाचा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये येऊन तुफान खपला होता आणि त्याच्या डेव्हलपरांनी त्या वर्षात चार मोठे अपडेट देण्याचा रोडमॅप लावला होता. मावसभावाने ते चित्र पाहिले आणि दोन दिवसांत आमचेही चित्र तयार केले.

त्याच्या चित्रात तीन रंगीत चौकटी होत्या. उन्हाळा: नवे पदार्थ. पावसाळा: नवी गल्ली आणि गळकी ताडपत्री. दिवाळी: दोघांनी मिळून एकच गाडी चालवण्याची सोय, म्हणजे मल्टिप्लेअर. तारीख कुठेही लिहिलेली नव्हती आणि म्हणूनच हे चित्र सुरक्षित आहे असे त्याचे म्हणणे होते. आमचे बहुतेक खेळाडू भारताबाहेरचे निघाले. आमचा उन्हाळा मे महिन्यात संपत आला तेव्हा जर्मनीतल्या एका खेळाडूचा अजून सुरूही झालेला नव्हता, आणि एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी आपला उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा तोवर थांबायचे का, असे अत्यंत सभ्यपणे विचारले. इथवर हसण्यासारखेच होते. मग कोणीतरी दिवाळी केव्हा असते असे विचारले आणि मावसभावाने कौतुकाने उत्तर दिले की यंदा लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आहे. त्याने एका सणाची तारीख सांगितली होती, पण त्या संध्याकाळपासून ती आमच्या मल्टिप्लेअरची तारीख झाली.

व्हालहाइमवाल्यांना आपला रोडमॅप त्याच वर्षी बाजूला ठेवावा लागला. खेळाडू अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आले, सगळा वेळ बग दुरुस्त करण्यात गेला, आणि चार मोठ्या अपडेटांपैकी एकच, तोही सप्टेंबरमध्ये, येऊ शकला. मी ती बातमी मावसभावाला दाखवून आपलेही चित्र काढून टाकू असे सांगितले. तो म्हणाला, "त्यांनी लाखो प्रती विकल्यात, त्यांना परवडतं. आपण काढलं तर लोक म्हणतील, पळाले."

आता मल्टिप्लेअर का अडले ते सांगतो, कारण तुमच्या खेळाडूंनाही शेवटी हेच सांगावे लागणार आहे. दोन संगणकांवर एकच रात्र चालायची, तर दोन्हीकडे प्रत्येक गोष्ट त्याच क्रमाने आणि त्याच आकड्यांनी घडली पाहिजे. आमच्या गेममध्ये पुढचे गिऱ्हाईक कोण येणार हे ज्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरत असे, त्याच आकड्यांतून कढईवरच्या धुराची वळणेही काढली जात होती. ज्याचा संगणक वेगवान, त्याच्याकडे धुराची चित्रे अधिक उमटत आणि आकडे अधिक खर्च होत. पहिल्याच चाचणीत बाराव्या गिऱ्हाइकाला माझ्या पडद्यावर कचोरी मागणारे आजोबा आले आणि खाली मावशीच्या बैठकीत बसलेल्या मावसभावाच्या पडद्यावर शिकंजी मागणारी शाळकरी मुलगी आली. तो वरच्या जिन्याकडे तोंड करून "आजोबा कुठेत?" असे ओरडत होता. धूर वेगळा काढणे एका दिवसाचे काम होते. मात्र तेलाचे तापमान, किसाचे करपणे, रांगेतल्या माणसांचा संयम हे सगळे पडद्यावरच्या चित्रांच्या गतीला बांधलेले होते, आणि ते सोडवायचे म्हणजे गेमचा गाभा नव्याने लिहायचा होता. त्यात खेळाडूंच्या जुन्या सेव्ह फाइल, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, निकामी होण्याचीही भीती होती.

हे मला सप्टेंबरच्या मध्यास कळले, आणि १८ सप्टेंबरला एक किरकोळ अपडेट टाकून मी गप्प बसलो. पुढचे ९४ दिवस आमच्याकडून एकही अपडेट किंवा घोषणा गेली नाही. मी रोज बारा-बारा तास काम करत होतो, म्हणून मला आपण गप्प आहोत असे कधी वाटलेच नाही. मावसभाऊ दोन ओळी टाकू का, असे विचारत राहिला आणि मी 'झाल्यावर बोलू' असे सांगत राहिलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मावशीने आरतीला खाली बोलावले, तेव्हा माझ्या एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात फोन होता. एका खेळाडूने पणतीचे सुंदर चित्र टाकून खाली लिहिले होते, 'दिवाळीच्या शुभेच्छा. मल्टिप्लेअर कुठे आहे?' मावशीने फोनकडे एकदा पाहिले आणि माझ्या हातातला टाळ काढून घेतला.

डिसेंबरात एका रात्री अडीच वाजता मी एका नकारात्मक रिव्ह्यूला उत्तर दिले. त्या गृहस्थांनी १८० तास खेळून 'गेम मेला आहे' असे लिहिले होते. मी लिहिले की एवढ्या पैशांत १८० तास मिळाले, आणखी काय हवे आहे. हिशेबाने ते खरे होते. स्टीमवर डेव्हलपरचे उत्तर रिव्ह्यूच्या खालीच, डेव्हलपरचे म्हणून ठळक दिसते. सकाळपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट फिरले, आणि ८८ टक्क्यांवर असलेली आमची पसंती, म्हणजे चांगल्या रिव्ह्यूंचे प्रमाण, पंधरवड्यात ६१ वर आली. ७० च्या खाली गेले की स्टीम 'मिक्स्ड', म्हणजे संमिश्र, असा शिक्का मारते आणि त्यानंतर विक्री कशी आटते ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको.

२१ डिसेंबरला मी कचोरीवाल्या आजोबांची गोष्ट जशीच्या तशी लिहिली, धुराचे आकडे दाखवले आणि या गेममध्ये मल्टिप्लेअर येणार नाही असे स्पष्ट सांगितले. शिव्या आल्या, पण अपेक्षेच्या मानाने फारच थोड्या. त्याहून अधिक लोकांनी तांत्रिक प्रश्न विचारले. ज्याच्याबद्दल मला आजही वाईट वाटते तो वेगळाच खेळाडू आहे. त्याने बायकोबरोबर खेळायचे म्हणून चित्रातली दिवाळीची चौकट पाहून दोन प्रती घेतल्या होत्या आणि सहा तास खेळला होता. स्टीमचा पैसे परतीचा नेहमीचा नियम खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांच्या आत खेळ असा आहे. त्याच्या दोन्ही मुदती टळल्या होत्या, आणि परतीचा निर्णय आमच्या हातात नव्हता. त्याची तक्रार न्याय्य होती.

मावसभावाचे म्हणणे आजही असे आहे की घात तारखेने केला नाही, माझ्या मौनाने केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'अडलो आहोत' एवढे लिहिले असते तर सगळे निभावले असते, असे तो प्रत्येक गणपतीत चार पाहुण्यांसमोर सांगतो. दाखला म्हणून मावशीच्या फराळाच्या ऑर्डरी पुढे करतो: आई तारीख देते, उशीर होणार असेल तर फोन करते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येते. हा दाखला मला अजिबात मान्य नाही. मावशी तीस वर्षे चकल्या करते आहे. शंभर चकल्यांना किती वेळ लागतो हे तिला भाजणी हातात घेताच कळते. आम्ही मल्टिप्लेअर आयुष्यात प्रथमच करत होतो. जे काम आधी कधी केलेले नाही त्याला तारीख देणे म्हणजे इंदुरी बोलीतले 'बस, हो ही गया भिया' आहे, आणि त्याचा अर्थ अजून सुरुवातही झालेली नाही असा असतो हे इथले शेंबडे पोरही जाणते.

शिवाय हे माझे एकट्याचे मत नाही. स्टीमने मार्च २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस सुरू केले, आणि डेव्हलपरांसाठीच्या त्यांच्या सूचनांमध्येच भविष्याबद्दल ठाम वचने देऊ नका, गेम आज जसा आहे त्याच्या जोरावर लोकांनी तो घेतला पाहिजे, असे म्हटलेले आहे. विक्री फारच थोडी झाली तरी गेम पुरा करण्याची ऐपत नसेल तर इकडे येऊच नका, असेही तिथे लिहिले आहे. मावसभावाने ते पान उघडलेच नव्हते. मी उघडले होते, पण चित्र लागल्यानंतर.

तो यावर दोन उदाहरणे माझ्या तोंडावर फेकतो, तीही सांगतो. पहिले कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ या अंतराळयानांच्या गेमचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास डॉलरला विक्रीला आलेल्या त्या गेमच्या रोडमॅपमध्ये एकही तारीख नव्हती, नुसता क्रम होता. त्यातला विज्ञानाचा टप्पा डिसेंबरात आला, २०२४ मध्ये स्टुडिओतील कर्मचारी कपातीची बातमी आली, आणि वसाहती व मल्टिप्लेअर खेळाडूंच्या हाती कधीच पडले नाहीत. म्हणजे तारीख नसल्याने काही वाचत नाही, असा त्याचा निष्कर्ष. दुसरे हेडीज या गेमचे. तो डिसेंबर २०१८ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि पुढच्या मोठ्या अपडेटची तारीख त्याचे डेव्हलपर आधी सांगत असत. हे दुसरे उदाहरण खरे तर माझ्या बाजूचे आहे. ते फक्त पुढच्या अपडेटची तारीख सांगत, म्हणजे ज्याचे बरेचसे काम समोर दिसते आहे त्याची. कित्येक महिन्यांनंतरच्या दिवाळीची नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, किती दिवसांनी लिहावे. फॅक्टोरिओ या गेमचे प्राग येथील डेव्हलपर २०१३ पासून शुक्रवारी काही ना काही लिहीत आले आणि गेमची पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली. त्यांनीही दोन संगणकांवरचा गेम जुळत नाही यावर तपशिलाने लिहिलेले आहे. माझे आजोबांचे प्रकरण लिहिण्याचे धाडस मला तेच वाचून झाले. दोन माणसांच्या चमूला दर आठवडा जमणार नाही. पंधरवड्याचा एक वार ठरवा आणि त्या दिवशी काहीच झाले नसले तरी काय करून पाहिले व ते का फसले ते लिहा. स्टीमच्या पानावर पूर्ण आवृत्ती आजच्यापेक्षा वेगळी कशी असेल, हा प्रश्न तुम्हाला भरून द्यावा लागेल. तिथे केवळ तेच लिहा जे जमले नाही तर गेम विकणेच चूक ठरेल. फेब्रुवारी २०२५ पासून बारा महिने अपडेट न आलेल्या अर्ली ॲक्सेस गेमच्या पानावर स्टीम स्वतःच तशी सूचना लावते, पण खेळाडूंचा धीर बारा महिने टिकत नाही. आमच्याकडे तो नवव्या आठवड्यात संपला होता.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचा प्रकाशक असेल तर काय जाहीर करायचे हे बहुधा करारात असेल, आणि मग माझे 'मुळीच नाही' तुम्हाला लागू पडेलच असे नाही. तसेच रोडमॅपचे चित्र आधीच लागले असेल तर ते गुपचूप काढू नका. खाली तारीख घालून बदल लिहा. आणि हो, ऑक्टोबरात दोन ओळी लिहायला हव्या होत्या, हे मी गेल्या गणपतीत मान्य केले आहे. ते पाहुण्यांसमोर केले नाही, मागच्या अंगणात केले.

मावसभाऊ आता पुण्यात नोकरी करतो आणि हे उत्तर तो वाचणार आहे. चित्राची मूळ फाइल त्याच्याकडेच आहे. उन्हाळ्याची चौकट पिवळी होती की केशरी, तेवढेच त्याने खाली येऊन लिहावे. बाकीचे भाद्रपदात बोलू.