मावशीला ‘विश्वास असेल तर औषध बंद कर’ असं शिकवलं जातंय. अशा शिकवणीपुढे ठाम कसं राहावं?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की मावशी आपली मंडळी (चर्च) सोडून एका घरगुती प्रार्थनासभेला जाऊ लागल्यात, बीपीची गोळी घेणं हा अविश्वास आहे असं तिथं सांगतात आणि तुम्ही प्रश्न विचारला तर ‘अभिषिक्ताला (म्हणजे देवानं निवडलेल्या सेवकाला) हात लावू नका’ म्हणून गप्प बसवलं.

आधी गोळ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद होता कामा नयेत. वाद नंतर घाला.

मी सोलापूरचा. इथं विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरात दुखणं आलं की सगळं घर बसतं. सिव्हिलच्या रांगेत दिवस मोडतो, तेवढी मजुरी बुडते. अशा वेळी कुणी डोक्यावर हात ठेवून ‘आजच बरी होशील’ म्हटलं, तर माणूस तिकडे जाणारच. म्हणून मावशींना भोळ्या म्हणू नका.

उपदेशक कोणती वचनं कधीच वाचत नाही, तिकडे लक्ष द्या. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं’ हे यशया ५३ मधलं वचन रोज कानावर पडेल. पण प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्याच्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), ते ऐकलंय का तिथं? त्रफिम या सोबत्याला त्यानं मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). त्याचा दुसरा सहकारी एपफ्रदीत तर मरता मरता वाचला. खुद्द पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही, त्याला कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं (२ करिंथ १२). आणि याच पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले होते. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायची कुणाची छाती आहे?

देव बरं करतो, हे मी मनापासून मानतो. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या. आपल्या भागातले जुने मिशनरीही प्रार्थना करणारेच होते, तरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना काढलाच.

या शिकवणीतलं खरं विष वेगळंच आहे. आजार हटला नाही की दोष आजारी माणसाच्या माथी येतो. वधस्तंभावर ख्रिस्तानं जे पूर्ण केलं, त्यावरची नजर हटून ‘माझा विश्वास किती’ याच मोजमापात जीव अडकतो. गलतीकरांना पौल एवढा कडक बोलला तो अशाच कारणासाठी: ख्रिस्ताच्या कामाला माणसाची भर घालायची म्हटली की ती सुवार्ताच उरत नाही. मग ती स्वर्गातल्या दूतानं सांगितली तरी मानू नका, इथपर्यंत तो जातो (गलती १:८).

राहिलं ‘अभिषिक्ता’चं. दाविदानं अभिषिक्त राजा शौल याच्या जिवाला हात लावला नाही, पण गुहेबाहेर येऊन सगळ्यांदेखत त्याला जाब मात्र विचारला (१ शमुवेल २४). बिरुयाचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच आहे (१७:११). त्यामुळे तुमचा प्रश्न मागे घेऊ नका.

मात्र मावशींशी बोलणं तोडू नका. डळमळणाऱ्यांवर दया करा, असं यहूदाच्या पत्रात आहे. त्यांच्याकडे जा, दुसरं तीमथ्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघं मिळून वाचा, चारच अध्याय आहेत. अडलं तर आपल्या पाळकसाहेबांना घरी बोलवा. आणि पुढच्या तपासणीला मावशींसोबत तुम्ही स्वतः जा.