मुलगी कॅलिफोर्नियात शिकायला गेली, तर न्यू जर्सीतल्या सायकॉलॉजिस्टकडची थेरपी झूमवर चालू ठेवता येते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी एडिसनमधल्या एका मराठी बोलणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे जाते, तिला तिथे छान सूर सापडलाय, ऑगस्टमध्ये ती बर्कलीला चालली आहे, आणि आता मॅडम म्हणतात, "तिथून झूमवर घेता येणार नाही." शिवाय डिसेंबरात तुम्ही सगळे पुण्याला असाल, तेव्हाचं काय, हेही विचारलंय. "नुसतं बोलायचंच तर आहे, त्याला कसलं आलंय लायसन्स!" हा तुमचा वैताग मला अगदी ओळखीचा आहे. मी न्यू जर्सीतच सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या आईबाबांना हे समजावून सांगते. मॅडम तुम्हाला टाळत नाहीयेत. पण "येणारच नाही" हेही पूर्ण खरं नाही.

सेशन चालू असताना पेशंट ज्या राज्यात बसलाय, तिथे थेरपी झाली असं धरलं जातं. घर कुठे, इन्शुरन्स कुणाच्या नावावर, ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं, हे कुणी बघत नाही. मॅडम एडिसनमध्ये आणि मुलगी बर्कलीच्या डॉर्ममध्ये असेल, तर मॅडम कॅलिफोर्नियात प्रॅक्टिस करतायत. तिथल्या परवानगीशिवाय ती विनापरवाना प्रॅक्टिस ठरते. उद्या तक्रार झाली तर त्यांचा मालप्रॅक्टिस इन्शुरन्सही (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठी काढलेला विमा) हात वर करू शकतो.

आमच्याकडे तर यासाठी विमान लागत नाही, नदीपलीकडे न्यू यॉर्कला नेणारी पाथ ट्रेन पुरते. जर्सी सिटीत राहणारा, मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारा माणूस दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या मीटिंगरूममध्ये दार लावून झूम उघडतो. मी विचारते, "आत्ता कुठे आहात?" तो म्हणतो, "ऑफिसात." माझ्याकडे न्यू यॉर्कचं लायसन्स नसेल, तर सेशन तिथेच थांबवून संध्याकाळची वेळ द्यावी लागते. नदीच्या अलीकडे चालतं, पलीकडे चालत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं, मान्य आहे.

हे असं का, तर अमेरिकेत लायसन्स देणं हा राज्यांचा अधिकार. डॉक्टरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १८८९ सालीच तो मान्य केला. सायकॉलॉजिस्टसाठी पहिला कायदा कनेटिकटने १९४५ मध्ये केला आणि मग एकेक राज्याने आपापला. परीक्षा बहुतेक ठिकाणी तीच असते, कायदे मात्र खरोखर वेगळे असतात. पेशंट म्हणाला, "मी अमुक माणसाला मारणार आहे," तर थेरपिस्टने काय करायचं? कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या टॅरासॉफ खटल्यात सांगितलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी पावलं उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. (ती घटनाही बर्कलीचीच, मारणारा तिथे शिकणारा भारतीय विद्यार्थी होता.) टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये अशा माणसाला सावध करण्याची जबाबदारी थेरपिस्टवर टाकायला नकार दिला. म्हणजे पेशंटच्या तोंडचं तेच वाक्य, पण पुढे काय करायचं ते तो कुठे बसलाय त्यावर ठरतं. त्यामुळे मला या नियमांचा कंटाळा येत असला तरी ते निव्वळ बाबूगिरी आहेत असं मी म्हणणार नाही.

यावर तोडगा म्हणून राज्यांनी आपसात एक करार केलाय, त्याचं नाव सायपॅक्ट. सात राज्यं आली की लागू, अशी अट होती. २०१९ मध्ये जॉर्जिया सातवं आलं. आता चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत, न्यू जर्सीही आहे. सायकॉलॉजिस्टने ई-पासपोर्ट नावाचं प्रमाणपत्र आणि करारातली परवानगी घेतली की आपल्या राज्यात बसून बाकीच्या सदस्य राज्यांतल्या पेशंटना ऑनलाइन बघता येतं. मुलगी टेक्सासला, इलिनॉयला किंवा पेन्सिल्व्हेनियाला जात असती, तर माझं उत्तर दोन ओळींत संपलं असतं. पण हे लिहितेय तोवर कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क दोन्ही करारात नाहीत. आपली मुलं जातात तीही नेमकी तिथेच!

एक गोष्ट तपासून घ्या. आपल्याकडे थेरपी देणाऱ्या सगळ्यांनाच सरसकट सायकॉलॉजिस्ट म्हणतात. सायपॅक्ट फक्त डॉक्टरेट केलेल्या लायसन्स्ड सायकॉलॉजिस्टसाठी आहे. काउन्सिलर आणि सोशल वर्कर यांचे करार वेगळे आहेत.

"मैत्रिणीच्या मुलाचं तर चालू होतं" असंही तुम्ही लिहिलंय. ते २०२०-२१ मधलं असणार. कोविडात बऱ्याच राज्यांनी तात्पुरती सूट दिली होती. ती संपली, लोकांच्या डोक्यातून मात्र गेली नाही.

आता तुमच्या कामाचं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरेटधारक, लायसन्स्ड सायकॉलॉजिस्टला कॅलेंडर वर्षात ३० दिवस सेवा देण्याची मुभा आहे. ऑगस्टअखेर ते डिसेंबरमध्यापर्यंत आठवड्याला एक सेशन धरलं, तर सतराच्या आसपास दिवस होतात. म्हणजे पहिलं सेमिस्टर यात बसतं. फक्त हे ३० दिवस मॅडमचे आहेत, तुमच्या मुलीचे नाहीत. त्यांचे आणखी दोन विद्यार्थी तिकडे गेले असतील, तर तेही त्यातच मोजायचे. म्हणून त्यांना "नियम मोडा" असं न म्हणता "३० दिवसांच्या तरतुदीत बसेल का, कॅलिफोर्नियाच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाला ईमेल करून विचाराल का?" असं विचारा. त्या तरीही नको म्हणाल्या, तर तो त्यांचा हक्क आहे. आणि जमलं तरी मी हे दिवस नवीन थेरपिस्टकडे सोपवण्यासाठी वापरीन, वर्षानुवर्षं ओढण्यासाठी नाही. दर जानेवारीत मोजणी नव्याने सुरू होते हे खरं, पण तात्पुरत्या सोयीवर कायमचं दुकान थाटलेलं बोर्डाला रुचेल असं मला वाटत नाही. थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली की मात्र प्रश्नच नाही, एडिसनमध्ये बेलाशक सेशन घ्या.

"ती घरीच आहे असं सांगू का?" हे मात्र अजिबात करू नका. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला आम्ही पत्ता विचारतो तो फक्त कायद्यासाठी नाही. समजा बोलता बोलता मुलगी कोसळली आणि मदत पाठवायची वेळ आली. मी न्यू जर्सीतून ९११ फिरवलं तर फोन न्यू जर्सीत उचलला जातो. बर्कलीला माणूस पाठवायचा तर तिथल्या पोलिसांचा पूर्ण दहा आकडी नंबर आणि डॉर्मची खोली हाताशी हवी. खोटा पत्ता असेल तर पोलीस तुमच्या एडिसनच्या दारावर येतील. ९८८ या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनचंही असंच होतं: सुरुवातीला फोन एरिया कोड बघून वळवला जायचा, त्यामुळे न्यू जर्सीच्या ७३२ एरिया कोडच्या फोनवरून कॅलिफोर्नियातून लावला तरी न्यू जर्सीकडे. २०२४ च्या सप्टेंबरपासून मोठ्या मोबाइल कंपन्यांनी ठिकाण बघून फोन वळवायला सुरुवात केली आहे.

पुण्याचं. तिथे सायपॅक्टचा संबंध नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते आणि एकदा नाव चढलं की भारतभर प्रॅक्टिस करता येते. अमेरिकन लायसन्सला त्यात स्थान नाही. पुण्यातल्या त्या दिवसांत सेशनना सुट्टी हे आधीच ठरवा, आणि अडचण आलीच तर टेली-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फोनमध्ये असू द्या. उलट दिशेनेही तेच: पुण्यातल्या ताई मराठीत बोलतात आणि स्वस्त पडतात म्हणून अनेक घरांत तिकडून व्हिडिओ कॉल चालतात. न्यू जर्सी काय, कॅलिफोर्निया काय, ती विनापरवाना प्रॅक्टिसच. काही बिनसलं तर इथलं बोर्ड त्यांना विचारू शकत नाही.

बर्कलीचं स्टुडंट काउन्सेलिंग सेंटर मुलगी पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात गाठा. तिथली थेरपी सहसा थोड्या सेशनची असते, पण बाहेरचा कॅलिफोर्नियातला थेरपिस्ट शोधून द्यायला ते मदत करतात. जुन्या आणि नव्या थेरपिस्टने एकमेकांशी बोलावं यासाठी संमतीचा फॉर्म जुलैमध्येच भरून घ्या. ती अठरा वर्षांची झाली असेल, तर सही तिची लागेल, तुमची नाही. आणि त्यानंतर तुम्ही मॅडमना फोन करून "कशी आहे ती?" असं विचारलंत, तर तिने परवानगी दिल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत.