मार्सेलिसला काय बघावं?

प्रश्न : मुलगी फ्रान्सला शिकायला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. सावरकरांनी उडी मारली ते मार्सेलिस बघायचंच आहे, तिथं अजून काय बघू? – एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की जा हो! ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून तात्यारावांनी उडी टाकली, पोहत धक्का गाठला तरी पकडलेच, पुढं हेगच्या कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, ते पाणी बघताना अंगावर काटा येतोच. शहर इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीकांनी वसवलेलं. जुन्या बंदरावर सकाळीच पोचा, कोळी ताजी मासळी मांडून बसतात, आणि तोंडावर दोन्ही बाजूंना चौदाव्या लुईच्या काळातले किल्ले. मग टेकडीवरचं नोत्र दाम चर्च, शिखरावर मेरीमातेचा सोनेरी पुतळा, आपल्या सज्जनगडासारखी चढण आहे पण बस वर जाते, गुडघे दुखत असतील तर बसनंच जा.