वाचकांचे प्रश्न : एसी बंद, तरी बिल उतरत का नाही?

प्रश्न : आम्ही चौघे ऐरोलीत वन बीएचके सदनिकेत राहतो. एप्रिल-मेमध्ये एसीमुळे बिल वाढते हे समजते, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद असूनही ते अपेक्षेइतके उतरत नाही. सर्व दिवे एलईडी केले आहेत. आणखी काय करावे?

उत्तर : दिवे बदललेत हे उत्तमच झाले, मात्र तिथे आता वाचवण्यासारखे फारसे उरलेले नाही. 9 वॉटचा एलईडी दिवा रोज 6 तास लावला तरी महिन्याला जेमतेम दीड युनिट वीज लागते. आपला प्रश्न पंख्यांचा असावा, असे मला वाटते. ठाणे खाडीच्या काठावरील दमट हवेत पंख्याला बाराही महिने विश्रांती नसते, आणि पावसाळ्यात तर घरात दोरीवर घातलेले कपडे वाळावेत म्हणून माणूस नसलेल्या खोलीतही तो रात्रभर पूर्ण वेगाने फिरत असतो. जुन्या पद्धतीचा पंखा साधारण 75 वॉट वीज घेतो. असे तीन पंखे रोज 14 तास चालले, तर 30 दिवसांत सुमारे 94 युनिट होतात. त्यांच्या जागी 30 वॉटचे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचे पंखे असते, तर 38 युनिटांत भागले असते. तिन्ही पंखे एकदम बदलणे परवडत नसेल, तर ज्या खोलीत सगळे झोपता तिथला आधी बदलावा. कपड्यांसाठी मी सुचवीन की ते दोरीवर घालण्यापूर्वी मशीनमध्ये आणखी एकदा पिळून घ्यावेत, कारण त्या काही मिनिटांना लागणारी वीज रात्रभराच्या पंख्यापेक्षा कितीतरी कमी असते.

दुसरी वस्तू फ्रिज, जो आपण कधीच बंद करत नाही. त्याच्या दाराचे रबर तपासायला कागदाचा कपटा पुरतो : तो दारात अर्धा आत, अर्धा बाहेर राहील असा धरून दार लावावे आणि हलकेच ओढावा. कपटा अडकून न राहता अलगद सुटून आला, तर तिथून थंडावा बाहेर जातो आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. पुष्कळदा रबराच्या घडीत काळी बुरशी आणि सांडलेल्या दुधाचा चिकटा साचलेला असतो. कोमट पाण्याने पुसून तो काढला की दार पुन्हा नीट बसते. रबर कडक झाले असेल, तर मात्र ते बदलावे. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये.

गिझरविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडील हवेत पाणी 50 अंशांपर्यंत तापले तरी अंघोळीला पुरते. चौघांच्या अंघोळी लागोपाठ उरकाव्यात, म्हणजे टाकीतील पाणी निवून पुन्हा तापवावे लागत नाही. उन्हाळ्यात एसी 24 अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावावा. तापमान एका अंशाने वाढवले तर एसीची वीज सुमारे 6 टक्के वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते.

प्रश्न : महिन्याचा वापर 100 युनिटांच्या पुढे गेला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे आमच्या सोसायटीत म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. महावितरणचे घरगुती दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर अशा टप्प्यांत आहेत, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांनाच लागतो. तुमचा वापर 130 युनिट असेल, तर पहिली 100 युनिटे खालच्याच दराने आणि उरलेली 30 वरच्या दराने आकारली जातात. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा : वाचवलेले प्रत्येक युनिट आपल्या सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते, म्हणून 320 युनिटे वापरणाऱ्या घराला 20 युनिटांची बचत 120 वापरणाऱ्या घरापेक्षा अधिक रुपये मिळवून देते.

प्रश्न : पंखा कमी वेगावर ठेवल्याने खरोखर वीज वाचते का?

उत्तर : इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर वाचते. जुना खोक्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल, तर पंख्याची वाचलेली वीज बरीचशी त्या खोक्यातच उष्णता होऊन जाते. हात लावल्यास तो गरम लागतो, तो त्यामुळेच. असा रेग्युलेटर काढून टाकावा. बीएलडीसी पंखा घेणार असाल, तर त्याला भिंतीवरील रेग्युलेटर जोडू नये. त्याचा वेग रिमोटनेच कमी-जास्त करावा.