उस्ताद पाठ फिरवतात

महिन्यातून दोन-तीन जण तरी समुपदेशनासाठी माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. शब्द वेगळे असतात, दुखणं एकच. "काम येतं हो मॅडम, पण दाखवायची वेळ आली की काहीतरी बिनसतं. समोरच्याला वाटतं, याला काहीच येत नाही." कुणी एसी दुरुस्त करणारा असतो, कुणी आयटीआय झालेली मुलगी, कुणी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये कंत्राटावर दहा वर्षं काढलेला. आज लिहितेय एका टीव्ही मेकॅनिकबद्दल, कारण त्यांच्या बाबतीत आधी मीच चुकले होते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. दुकानातली पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

उस्ताद ४१ वर्षांचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. सतराव्या वर्षी पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात चहा आणायला लागले आणि चहा आणता आणता टीव्ही खोलायला शिकले. पुढे उपनगरात स्वतःचं दुकान टाकलं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तोवर धंदा बरा चालला. "फ्लायबॅक बदलला, एखादी आयसी बदलली, की संध्याकाळी घरी जाताना खिशात काहीतरी असायचं. आता पॅनल फुटलं की त्याची किंमत ऐकूनच गिऱ्हाईक नवा टीव्ही घेतं." म्हणून नोकरी शोधायला निघाले. चाकणकडच्या कारखान्यांत मशिनींची कार्डं (आतले सर्किट बोर्ड), पॉवर सप्लाय दुरुस्त करणारी माणसं लागतात, हे त्यांना ठाऊक होतं.

एका ठिकाणी सर्टिफिकेट नाही म्हणून गेटवरूनच परत पाठवलं. दुसरीकडे ओळखीनं प्रात्यक्षिकापर्यंत पोचले. टेबलावर बंद पडलेला एसएमपीएस, म्हणजे एक प्रकारचा पॉवर सप्लाय होता. उस्तादांनी दहा मिनिटांत चालू करून दिला. शेजारच्या टेबलावर आयटीआयचा एक पोरगा पाऊण तास खटपट करत होता आणि त्याचा सप्लाय शेवटपर्यंत चालू झाला नाही. निवड त्या पोराची झाली.

"आता सांगा," वहिनी, म्हणजे उस्तादांची बायको, म्हणाल्या. उस्तादांना माझ्याकडे त्याच घेऊन आल्या होत्या. उस्ताद खाली बघत बसलेले. "तेव्हापासून हे दुकानातसुद्धा धड बोलत नाहीत. म्हणजे आधी फार बोलायचे असं नाही."

मी ऐकलं आणि मनात शिक्का मारून मोकळी झाले: परीक्षेची भीती, त्यात परीक्षक वयानं निम्मा, त्यामुळे दुखावलेला मान. दोन बैठका मी श्वासाचे व्यायाम आणि 'मनातल्या मनात प्रसंग उभा करा' यात घालवल्या. उस्तादांनी सांगितलं तसा श्वास घेतला, सोडला. फरक शून्य. हात थरथरतात का, असं विचारलं तर हसले. ज्या हातांनी पंचवीस वर्षं चालू टीव्हीच्या पोटात काम केलं, ते एका एसएमपीएससमोर का थरथरतील?

तिसऱ्या बैठकीला माझ्या केबिनमधला यूपीएस कोकलत होता. लाइट गेली की कॉम्प्युटर लगेच बंद पडायचा. मी म्हटलं, "उस्ताद, आज तुम्ही मला हे दुरुस्त करून दाखवा." त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. पिशवीतून मल्टिमीटर काढला, यूपीएस टेबलावर घेतला, खुर्ची सरकवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

मी उठून डावीकडे गेले. दोन मिनिटांत उस्तादांचा डावा खांदा पुढे आला. उजवीकडे गेले, तर यूपीएसच फिरला. हे मुद्दाम नव्हतं. त्यांना ते कळतही नव्हतं.

"उस्ताद, मला दिसत नाहीये."

ते थबकले. मग बराच वेळ हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, "आमच्या शेठची सवय. व्हीसीआरच्या हेडचं काम निघालं की शेठ पाठ करून बसायचे. पोरानं बघितलं की उद्या समोर दुकान टाकतो, असं म्हणायचे. मी काचेच्या शोकेसमध्ये त्यांच्या हातांचं प्रतिबिंब बघून शिकलो."

हुन्नर झाकून ठेवायचा, हे ते सोल्डरिंगच्याही आधी शिकले होते. ज्या बाजारात कारागिरीशिवाय दुसरं भांडवल नसतं, तिथे ही रीत चूक होती असं मी म्हणणार नाही. त्या रीतीवर त्यांचं घर चाललं. पण प्रात्यक्षिकाच्या टेबलाशीही ते तसेच बसले होते. समोरच्या माणसाला दिसली ती पाठ, आणि दहा मिनिटांनी पेटलेला हिरवा दिवा.

मग त्या दिवशीचा प्रसंग मी त्यांच्याकडून कृतीनिशी करून घेतला. प्लग काढला, पण बोर्डावरचं बटण चालूच होतं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) साठलेला चार्ज उतरवायला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकला. चट् करून ठिणगी उडाली आणि परीक्षक मागे सरकला. (२३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला, म्हणजे त्याचा डीसी झाला, की त्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. हे मला उस्तादांनीच शिकवलं.) मग फुगलेला कपॅसिटर नजरेनं हेरला, काढला, नवा टाकला, सप्लाय चालू, उठले. आधीचं रीडिंग नाही, नंतरचं नाही, अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा हाताला नाही, कागदावर एक ओळ नाही.

"कपॅसिटर का फुगला होता?" मी विचारलं.

"पंखा जाम होता ना. धुळीनं. उष्णता बाहेर पडत नव्हती. आणि तो कपॅसिटर हीट सिंकला, त्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या तुकड्याला चिकटून, म्हणजे तोच आधी जाणार."

"हे तिथे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

माझ्या ओळखीचे एक निवृत्त आयटीआय निदेशक आहेत, त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, कामाची क्षमता तपासताना कागदावर रकाने असतात. सप्लाय तोडला का, तुटल्याची खात्री मीटरनं केली का, साठलेला चार्ज रेझिस्टरमधून उतरवला का, हत्यार योग्य निवडलं का, दोष शोधण्याचा क्रम काय, मूळ कारण सापडलं का, नोंद केली का, जागा साफ केली का. वस्तू चालू होणं हा त्यातला एक रकाना. त्या पोराचा सप्लाय चालू झाला नसेल, पण बाकीचे बरेच रकाने भरले असतील. कारखान्याची बाजूही त्यांनी सांगितली: दोष सापडला नाही तर वरिष्ठाला बोलावता येतं, पण ठिणग्या उडवणारा माणूस चालू लाइनजवळ कुणाला नको असतो. आणि पंखा साफ न करता नुसता कपॅसिटर बदलला, तर थोड्या महिन्यांत तेच मशीन पुन्हा उभं राहणार. या कपॅसिटरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब असतो. उस्तादांना तो आकडा माहीत नव्हता. पण हीट सिंकजवळचा आधी जातो, हे माहीत होतं.

सगळ्यात जास्त मला लागलं ते पुढचं. दुकानात उस्ताद दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू थेट मेनवर लावत नाहीत. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये असतो, म्हणजे वीज त्या बल्बमधूनच वस्तूत जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि कार्ड वाचतं. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून त्यांनी साधे बल्ब खोक्यात जपून ठेवलेत. मग तिथे का नाही मागितला? "एवढी मोठी कंपनी, एवढी मशिनं, तिथे बल्ब काय मागायचा? हसले असते." जी गोष्ट त्यांच्या सावधपणाचा सगळ्यात चांगला पुरावा होती, ती त्यांनी गावठी म्हणून लपवली!

श्वासाचे व्यायाम तिथेच बंद केले.

घरी मुलीनं मोबाइल समोरून धरायचा आणि उस्तादांनी काम करताना बोलायचं, असं ठरलं. पहिल्या व्हिडिओत नुसतं टक्कल आणि खांदा. दुसऱ्यात हात दिसले, पण आवाज नाही. वहिनींनी मागून ओरडलेलं त्यात ऐकू येतं, "अहो, तोंडानं बोला की!" उस्तादांची अडचण खरी होती. कामात बोलणारा मेकॅनिक त्यांच्या गल्लीत बोलघेवडा समजला जायचा, म्हणजे गिऱ्हाईकाला गुंडाळणारा. मी म्हटलं, भाषण नको. काय बघताय, काय करताय आणि का, एवढंच बोला. तेही दुकानातल्या नव्या पोराला सांगता तसं.

"पोरांना मी सांगतच नाही. बघ म्हणतो."

"मग आता सांगा."

इथे महिना गेला. मध्येच एकदा चिडून म्हणाले, की एवढं बोलण्यापेक्षा टीव्ही लवकर दुरुस्त होतो. बरोबरच होतं ते, मी वाद घातला नाही. दुकानातल्या पोरानं हळूहळू प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. सातव्या की आठव्या व्हिडिओत उस्ताद ऐकू येतात: "बटण बंद, प्लग काढला. आता हात नाही लावायचा. रेझिस्टर लावून चार्ज उतरवतो. मीटर लावून बघतो. आलं शून्य? आता हात लाव." स्क्रू-ड्रायव्हरची ठिणगी आपोआप गेली. तोंडानं 'आता मी शॉर्ट करतो' असं पोरासमोर म्हणवत नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

नोंदवहीचं काम मात्र चटकन झालं. त्यांच्याकडे हिशोबाची वही होतीच: गिऱ्हाईक, वस्तू, पैसे. त्यात तक्रार, काय दिसलं, आधीचं रीडिंग, कारण, काय बदललं, नंतरचं रीडिंग असे रकाने वाढवले. तीन महिन्यांत शंभरावर नोंदी झाल्या. अनुभवाचा दाखला द्यायला कुणी मालक नाही, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता ही वही सुचवते. मुलाखतीत ती टेबलावर ठेवता येते.

सर्टिफिकेटचाही प्रश्न होता. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेड दोन वर्षांचा, तो या वयात संसार सांभाळून कसा करणार? पण काम करत शिकलेल्यांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्याला आरपीएल म्हणतात, म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आहे. आधी थोडं मार्गदर्शन, मग लेखी-तोंडी आणि प्रत्यक्ष कामाची तपासणी. उस्ताद त्यातून पार पडले. त्या कागदानं गेट उघडतं, पुढचं आपलं आपण, हे मी आधीच सांगितलं होतं. नोंदणी करण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणत्या कामाचं आणि कोण देणार, हे विचारून घ्या. नुसती गर्दी गोळा करणाऱ्यांच्या नादी लागू नका.

उलट दिशेनं येणारेही असतात: सर्टिफिकेट आहे, हाताला सवय नाही. त्यांना मी उस्तादांसारख्या कुणाच्या तरी दुकानात शनिवार-रविवार बसायला सांगते. पगाराची अपेक्षा सोडून.

दिवाळीनंतर उस्तादांना पुन्हा एका कारखान्यातून बोलावणं आलं. हे कार्ड त्यांना दहा मिनिटांत जमलं नाही. तासभर लागला आणि एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड, शेवटी भिंगातून सापडला. त्या रात्री त्यांचा फोन आला. आधी कामाचं सगळं सांगितलं, रीडिंगसकट. मग म्हणाले, "मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही या बाजूला उभे राहा, इथून दिसेल. आणि एक साधा बल्ब मिळेल का विचारलं. स्टोअरमध्ये नव्हता. मग मीच पिशवीतला काढला."

"हसले का?"

"साहेब हसले. म्हणाले, आमच्या वडिलांचं रेडिओचं दुकान होतं."

तिथे ते आता दोन वर्षं आहेत, शिफ्टमध्ये. दुकान पोरगा बघतो.

माझ्या यूपीएसचं सांगायचं राहिलं. बॅटरीच गेली होती. नुसता मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दाखवायची, अगदी ठणठणीत. लोड टाकला की आठावर यायची. नवी बॅटरी टाकून झाल्यावर उस्तादांनी बाजूला एक चिठ्ठी चिकटवली, ती अजून आहे. तारीख, दोन्ही रीडिंग, आणि खाली बारीक अक्षरात: 'प्लग काढला तरी आत २३० तयार होतो. मॅडमनी उघडू नये.'