छत कोणाचं, बिल कोणाचं?

वाचकांचे प्रश्न. या वेळी विषय आहे ऊर्जेतल्या बदलाचं राजकारण आणि समाजकारण, आणि त्याचा अभ्यास कसा करायचा. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

'शाश्वत ऊर्जा संक्रमणाचं राजकारण' हा विषय एम. ए.च्या प्रबंधासाठी घेतला. मार्गदर्शक म्हणतात, हा विषय नव्हे, समुद्र आहे. कुठून सुरुवात करू?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, कळवा

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. 'संक्रमण' हा शब्द काही दिवस कपाटात ठेवा आणि साधं विचारा : निर्णय कोणी घेतला, पैसे कोणाच्या खिशातून गेले, फायदा कोणाच्या मीटरवर दिसला?

त्यासाठी तुम्हाला लांब जायला नको. मुंब्रा-शीळ-कळवा भागातलं वीज वितरण १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी, म्हणजे महावितरणने नेमलेली खासगी कंपनी, बघते. खाडीपलीकडे ठाण्यात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढे ऐरोलीत महावितरण स्वतः आहे. दर मात्र सगळीकडे एकच, कारण तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. म्हणजे दर तोच आणि मीटर, वसुली, दुरुस्ती सांभाळणारे हात वेगळे. अशी आयती तुलना अभ्यासकाला क्वचित मिळते.

चोवीस घरं पुरतील : आठ मालकीच्या फ्लॅटमधली, आठ भाड्याच्या घरातली, आठ चाळीतली किंवा झोपडपट्टीतली. प्रत्येकाची सलग बारा महिन्यांची बिलं घ्या. मे आणि ऑगस्टच्या बिलांत इतका फरक असतो की तीन महिन्यांवरून काढलेला निष्कर्ष फसतो. बिलातला स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. कोणतं घर कोणत्या महिन्यात कुठला टप्पा ओलांडतं, यावर खूण करा.

खरी गोम चाळीत सापडते. एका मीटरवर चार-पाच खोल्या चालतात आणि घरमालक उप-मीटर बघून पैसे घेतो. एकेका खोलीचा वापर ७०-८० युनिटच असतो, म्हणजे स्वतःचा मीटर असता तर सगळ्यात स्वस्त टप्पा. पण एकत्र मीटर ३००च्या पुढे जातो आणि गरीब भाडेकरू वरच्या टप्प्याचा दर भरतो. ही गोष्ट सरकारी आकडेवारीत दिसत नाही, कारण तिथे ते पाच संसार नसून एक ग्राहक आहे. मालकाचं बिल आणि भाडेकरूच्या हातातली चिठ्ठी, दोन्हींची नोंद घ्या. चिठ्ठी मिळवणं अवघड जाईल. मालकाच्या देखत मागू नका.

मुलाखतीत 'तुम्हाला सौर ऊर्जा हवी का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतील आणि वही कोरी राहील. मतांऐवजी घडलेलं विचारा : गेल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा कोणाला फोन केला? मीटर बदलायला आले तेव्हा घरात कोण होतं, सही कोणी केली? आठवड्याच्या दुपारी गेलात तर बायका आणि म्हातारी माणसं भेटतील, रविवारी संध्याकाळी पुरुष बोलायला पुढे होतील. एकाच वेळी जाऊन आलात तर अर्धंच चित्र हाती येईल. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक ही खासगी माहिती आहे. शेवटचे चार अंक झाकूनच फोटो काढा.

आमच्या सोसायटीत सौर पॅनेलवरून दोन वर्षं सर्वसाधारण सभा गाजते आहे. यात अभ्यासण्यासारखं काही आहे का, की नुसतीच भांडणं?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, वाशी

भरपूर आहे. आधी गणित करा, म्हणजे निम्मं भांडण मिटेल. समजा सात मजले, २८ सदनिका, गच्ची ३,००० चौरस फूट. टाक्या, लिफ्टची खोली, शेजारच्या टॉवरची सावली आणि चालायची वाट वगळून १,५०० चौरस फूट उरते. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, म्हणजे १५ किलोवॅट. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर महिन्याला १,८०० युनिट होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. २८ घरांचा वापर प्रत्येकी २५० युनिट धरला तरी ७,००० होतो. तेव्हा 'सगळ्यांचं बिल शून्य' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच नमस्कार करा. एवढ्या विजेत लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मात्र चालतात. सामायिक मीटर एकच असल्याने त्याला वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे बचतही तिथेच जास्त.

अनुदानाची रचना पाहिली की राजकारण दिसू लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात. तुमच्या १५ किलोवॅटचे २,७०,००० होतात, म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला दहा हजारही नाहीत. कोपरखैरणेच्या रो-हाऊसमधला छताचा मालक पूर्ण ७८,००० घेऊ शकतो. त्याच घरातल्या दोन भाडेकरूंना, वीजबिल तेच भरत असले तरी, काहीच नाही. योजना गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही. ती छत आहे की नाही एवढंच बघते, आणि आपल्या शहरांत छताची मालकी कशी वाटली गेली आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सभेचे इतिवृत्त हा इथला अस्सल दस्तऐवज. वरच्या मजल्यावरच्यांचा विरोध गळतीच्या भीतीने असतो, आणि ती भीती खोटी नसते. गच्चीला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग जातं. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ठेवता येतात, पण खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याचा आणि स्लॅबवरच्या वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. भाडेकरूला सभेत मत नाही. देखभाल खर्च घटला तरी त्याचं भाडं घटत नाही. पाच वर्षांची इतिवृत्तं काढून कोण बोललं, कोणाचं बोलणं नोंदलं गेलं आणि ठराव कोणत्या कारणाने पुढे ढकलला, एवढं टिपलं तरी एक चांगला लेख होईल.

वीज दराच्या सुनावणीला सामान्य माणूस जाऊ शकतो का? तो जाडजूड आदेश वाचायचा कसा?
— निवृत्त शिक्षक, ऐरोली

जाऊ शकतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दर मंजूर करण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणं आयोगाला बंधनकारक आहे. कंपनीची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते. त्यातली शेवटची तारीख आधी टिपून ठेवा. लेखी हरकतीतच 'तोंडी म्हणणं मांडायचं आहे' असं लिहा. 'दरवाढ नको' एवढ्यावर ती हरकत वाया जाते. याचिकेतल्या अमुक परिच्छेदातला अमुक खर्च का मान्य नाही, असं लिहिलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

आदेश पहिल्या पानापासून वाचू नका. लोकांच्या हरकती, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा अभिप्राय एकापाठोपाठ छापलेलं प्रकरण आधी उघडा. उद्योजक क्रॉस-सबसिडीवर (इतरांना वीज स्वस्त देता यावी म्हणून त्यांच्याकडून घेतलेला जास्त दर) चिडलेले, शेतीपंपवाले भारनियमनावर आणि छतावर सौर संच बसवलेले नेट मीटरिंगवर (छतावर तयार झालेली वीज वापरातून वजा करण्याची पद्धत), असं सगळं राज्य तिथे एका ठिकाणी भेटतं. २०२५ च्या सुनावणीत दिवसा तयार झालेलं युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा करायचं की नाही, हाच वादाचा मुद्दा होता. कंपनीची बाजू उडवून लावू नका. वरच्या टप्प्यातले ग्राहक सौर झाले की त्यांच्याकडून येणारा महसूल जातो, पण तारा आणि रोहित्रांचा खर्च तेवढाच राहतो. तो मग ज्यांना छत नाही त्यांच्यावर पडतो. संच बसवणारा म्हणतो, मी दुपारची महाग वीजखरेदी वाचवली. किती वाचवली आणि किती ढकलली, याचं उत्तर आदेशातल्या तक्त्यांत शोधायचं असतं, भाषणांत नव्हे.

एक खबरदारी घ्या. २८ मार्च २०२५ चा आदेश आणि २५ जून २०२५ चा फेरविचार आदेश यांतले दर वेगळे आहेत. कुठला आकडा कोणत्या तारखेचा, आणि पुढे न्यायालयात त्याचं काय झालं, हे तपासल्याशिवाय वापरू नका.

स्वच्छ ऊर्जेलाही लोक विरोध करतात. याला अडाणीपणा म्हणायचं का?
— अभियंता, पनवेल

मुळशीचा सत्याग्रह आठवा. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी ज्या धरणाविरुद्ध उभे राहिले, ते टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचं होतं. वीज मुंबईची, बुडालेली भातखाचरं मुळशीची. धूर नसलेली वीज म्हणजे अन्याय नसलेली वीज नव्हे, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच मांडून झालं आहे. पनवेल-उरणला हे वेगळं सांगायला नको. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवरचा जासईचा जानेवारी १९८४ चा गोळीबार आणि त्या लढ्यातून पुढे आलेली साडेबारा टक्क्यांची योजना (घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत) हा जमिनीच्या मोबदल्याचाच इतिहास आहे.

अभ्यासक ऊर्जान्यायाचे तीन भाग करतात : वाटप (फायदा-तोटा कोणाला), प्रक्रिया (निर्णय कसा झाला) आणि दखल (कोणाला मुळात मोजलं गेलं). वाटपावर सगळे बोलतात, प्रक्रियेकडे दुर्लक्ष होतं. उदाहरण वीजवाहिनीच्या मनोऱ्याचं. वीज कायद्याच्या कलम १६४ खाली कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. मग जमीन संपादन होत नाही, फक्त नुकसानभरपाई द्यायची असते. सातबारा शेतकऱ्याचाच राहतो, शेतात मनोरा उभा राहतो आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं सामाजिक परिणामांचं मूल्यमापन लागूच होत नाही. तिसरा भाग सगळ्यात अवघड. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं मिळतं. पण गायरानावर पॅनेल आले, तर तिथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. त्याला नुकसान झालं हेच आधी सिद्ध करावं लागतं.

सगळाच विरोध न्यायाचा असतो असंही नाही. काही ठिकाणी जमिनीचा दर वाढवून घेण्यासाठी ताणलं जातं. दोन्ही वेगळे ओळखायचे तर मागण्यांचं निवेदन तारखेनुसार लावा आणि कोणती मागणी केव्हा गळून पडली ते बघा.

एन्रॉनचं प्रकरण आता वाचून काय उपयोग?
— वाचक, नेरुळ

करार वाचायला शिकता येतं. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाशी डिसेंबर १९९३ मध्ये झालेल्या करारात, वीज घेतली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाला द्यावे लागत होते. हाच स्थिर खर्च आज कोळशाच्या संचांना कमी चालवतानाही द्यावा लागतो. सौर वीज स्वस्त झाली तरी बिल का उतरत नाही, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला, 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. काय चुकलं?
— पत्रकारितेचा विद्यार्थी, घणसोली

बहुधा तुम्ही 'का' विचारलं असेल. या कायद्यात कागद मिळतो, कारणमीमांसा नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मजकूर असा ठेवा : '१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात वाशी मंडळातील घरगुती सौर जोडण्यांची उपविभागनिहाय यादी : अर्जाची तारीख, मंजूर किलोवॅट, नेट मीटर बसवल्याची तारीख. ग्राहकाचे नाव व पत्ता नको.' शेवटचं वाक्य आवर्जून लिहा. ते नसलं की खासगी माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळता येतो. फ्रँचायझीच्या भागाबद्दल विचारायचं असेल तरी अर्ज महावितरणच्या जन माहिती अधिकाऱ्याकडेच करा, कारण परवानाधारक तेच आहेत.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. आलेला नकार फेकून देऊ नका. कोणती माहिती कोणत्या कलमाखाली नाकारली, हा तुमच्या प्रबंधाचा एक तक्ता होऊ शकतो.